कारभारी एक, दरबार तीन

पावरोटी फुगविणारा आणि ताडीला कैफ आणणारा यीस्ट हा एकपेशीय जीव मनुष्याच्या सहवासात सहस्रावधी वर्षे नांदत असला, तरी त्याच्याही संसारात दोन पक्ष असतात आणि त्यांचे रीतसर मीलन होते, ही गोष्ट विसाव्या शतकाचा तिसरा हिस्सा उलटून जाईपर्यंत कोणाच्या ध्यानात आली नव्हती. डेन्मार्कचे ओयविंड विंगे यांनी 1935 साली दाखविले की, या जीवाच्या आयुष्यात गुणसूत्रांचा एकच संच बाळगणारी एकगुणित अवस्था आणि दोन संच बाळगणारी द्विगुणित अवस्था आळीपाळीने येतात. आणि 1943 साली अमेरिकेतील कार्ल व गर्ट्रूड लिंडग्रेन या दांपत्याने असे सिद्ध केले की, एकगुणित पेशी वरकरणी एकसारख्या दिसत असल्या तरी त्या दोन जातींच्या असतात आणि प्रत्येक जात केवळ दुसरीशीच संयोग पावते. एकीस ‘ए’ आणि दुसरीस ‘अल्फा’ अशी रुक्ष नावे पडली. ए-पेशी बारा अमिनो आम्लांचे एक संकेतद्रव्य बाहेर सोडते, अल्फा-पेशी तेरा अमिनो आम्लांचे. प्रत्येकीच्या पृष्ठभागावर दुसरीचे द्रव्य ओळखणारे प्रथिन बसविलेले असते. आणि हा परस्पर संकेत पोहोचताच दोघी आपापले विभाजन तहकूब करून एकमेकींच्या दिशेने वाढू लागतात व अखेर एकरूप होतात. त्यातून जन्मणारी द्विगुणित पेशी मात्र पूर्ण विरक्त: ती कोणालाही संकेत धाडीत नाही, कोणाचा स्वीकारीत नाही, आणि उपासमारीची वेळ आली म्हणजे दोन ए आणि दोन अल्फा असे चार बीजाणू निर्माण करून मोकळी होते.

येथवर ही नुसती जीवनकथा झाली. कोडे पुढेच आहे. यीस्टच्या सोळा गुणसूत्रांवर मिळून सुमारे सहा हजार जनुके आहेत, हे 1996 साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा निश्चित झाले. आणि ए व अल्फा यांच्या या अवाढव्य दप्तरात जो काय मूलभूत फरक आहे तो तिसऱ्या गुणसूत्रावरील ‘मॅट’ नावाच्या एका जागी असलेल्या, सुमारे सातशे बेस-जोड्यांच्या तुकड्यापुरता मर्यादित आहे. संकेतद्रव्यांची जनुके दोघींजवळ आहेत, ती ओळखणाऱ्या प्रथिनांचीही आहेत. मग ए-पेशी अल्फाचे द्रव्य का बनवीत नाही? हाच प्रश्न आपल्या देहाविषयीही विचारता येतो, कारण यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्याजवळ जनुकांचा संच एकच असून त्यांचे वर्तन मात्र सर्वथा भिन्न असते. परंतु मनुष्यदेहात शेकडो प्रकारच्या पेशी आणि यीस्टमध्ये तीनच, त्यामुळे या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर यीस्टने दिले, यात नवल नाही.

उत्तराची किल्ली ‘प्रतिलेखन-घटक’ या प्रथिनवर्गात आहे. जनुकातील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल उतरविण्याचे काम आरएनए पॉलिमरेज हे विकर करते. पण कोणत्या जनुकाची नक्कल केव्हा उतरवावी आणि कोणत्याची रोखून धरावी, याचे हुकूम ही प्रतिलेखन-घटक प्रथिने देतात, व तेही त्या त्या जनुकाच्या अलीकडच्या डीएनएवर विवक्षित क्रम शोधून तेथे ठाण मांडून. या कथेत पुढे येणाऱ्या कलकत्त्याला हा विषय नवखा नव्हता. आचार्य जगदीशचंद्र बसूंनी 30 नोव्हेंबर 1917 रोजी स्थापन केलेल्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे बंगाली माणसाच्या बसु विज्ञान मंदिरात, 1970 च्या आसपास बी. बी. विश्वास आणि त्यांचे सहकारी चक्क नारळाच्या पेशीकेंद्रांतून हे विकर वेगळे काढून, त्याच्या कामावर परिणाम करणाऱ्या घटकांचा तपास करीत होते. प्रयोगाला नारळ निवडावा, ही बुद्धी बंगालमध्ये किंवा आपल्या कोकणातच सुचायची.

तथापि यीस्टच्या कोड्याशी या संस्थेचा संबंध जडला तो आडवाटेने. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात बिक-क्वून टाय यांच्या प्रयोगशाळेत एक निराळाच शोध चालू होता: डीएनएची प्रत काढण्यास आरंभ कोणत्या प्रथिनांमुळे होतो? त्यासाठी त्यांनी यीस्टमध्ये डीएनएची लहान कडी घातली, जिच्यात प्रतिकृतीचा आरंभबिंदू आणि गुणसूत्रबिंदू एवढाच जरुरीचा सरंजाम होता. निरोगी यीस्ट हे लघुगुणसूत्र पिढ्यान्‌पिढ्या बऱ्यापैकी सांभाळते. ज्या उत्परिवर्तित वाणांना ते सांभाळता येईना, त्यांची निवड करून त्यांच्या बिघडलेल्या जनुकांना ‘एमसीएम’ हे नाव आणि अनुक्रमांक देण्यात आले. हे काम 1984 साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर तीन नावे होती: ग्रेगरी मेन, प्रतिमा सिन्हा आणि स्वतः टाय. प्रतिमा सिन्हा यांनी त्यापैकी दुसऱ्या क्रमांकाच्या वाणाचा अधिक अभ्यास केला. काही विशिष्ट आरंभबिंदू असलेली कडीच हा वाण गमावतो आणि इतर कडी सांभाळतो, हे 1986 च्या निबंधात त्यांनी मांडले. यीस्टची हीच विद्या त्यांनी पुढे कलकत्त्यात, बोस इन्स्टिट्यूटच्या कांकुडगाछी येथील इमारतीत रुजविली.

त्याच यादीतील पहिल्या क्रमांकाच्या वाणात एक विचित्र खोड आढळली. ए जातीत हा बिघाड असला तर मीलन सुरळीत होई. अल्फा जातीत असला तर मीलन जवळजवळ बंदच पडे. डीएनएची प्रत काढणाऱ्या प्रथिनाला अल्फा-पेशीच्या विवाहाशी काय कर्तव्य? टाय यांच्या प्रयोगशाळेने 1988 आणि 1989 मध्ये या प्रश्नाचा निकाल लावला: एमसीएम-1 हे मुळात प्रतिलेखन-घटकच आहे, आणि मीलनाच्या जनुकांसमोर बसणारे जे प्रथिन इतर प्रयोगशाळा निरनिराळ्या नावांनी हुडकीत होत्या, ते हेच.

आता त्याचे काम पाहू. एमसीएम-1 हे एखाद्या जुन्या संस्थानातील अशा कारभाऱ्यासारखे आहे, की जो तिन्ही दरबारांत चाकरीला असतो, पण ज्याच्या शिक्क्याचा अर्थ शेजारी कोण बसले आहे यावर ठरतो. ए-पेशीत तो एकटाच, किंवा ‘स्टे-12’ या सहकाऱ्याच्या साह्याने, ए-जातीच्या अर्धा डझनाच्या आसपास असलेल्या खास जनुकांसमोर बसतो आणि ती सुरू होतात. अल्फा-पेशीतही तो त्याच जागी बसतो. मात्र तेथे ‘मॅट’ने निर्माण केलेले अल्फा-2 हे प्रथिन त्याच्या दोन्ही बाजूंस येऊन बसते, दडपशाहीचे काम करणाऱ्या दुसऱ्या दोन प्रथिनांना पाचारण करते, आणि जी जनुके ए-पेशीत चालू होती तीच येथे बंद होतात. शिवाय अल्फाच्या खास जनुकांसमोरची जागा अशी दुबळी आहे, की तेथे एमसीएम-1 ला एकट्याने पाय रोवता येत नाही. ‘मॅट’चे दुसरे प्रथिन, अल्फा-1, हाताला धरून बसवील तेव्हाच तो बसतो व ती जनुके सुरू होतात. त्या बिघडलेल्या वाणात नेमकी हीच दुबळ्या जागेवरची पकड सुटली होती; म्हणून ए-पेशीचे काही अडले नाही आणि अल्फा-पेशी मात्र अल्फा म्हणून निकामी झाली.

तिसरा दरबार द्विगुणित पेशीचा. तिच्यात ए आणि अल्फा अशी दोन्ही ‘मॅट’ असल्यामुळे अल्फा-2 ला नवा भिडू मिळतो, तो म्हणजे ए-1. ही जोडी अल्फा-1 चे उत्पादन बंद करते, मीलनासाठी लागणारी एकगुणित पेशींची सामाईक जनुके दडपते, आणि बीजाणू होण्यास मज्जाव करणाऱ्या जनुकाचाही बंदोबस्त करते. म्हणजे अल्फा-2 हे एकच प्रथिन एमसीएम-1 च्या संगतीत एका यादीवर शिक्का मारते आणि ए-1 च्या संगतीत दुसऱ्या यादीवर. अल्फा-1 आणि अल्फा-2 यांच्या या वाटणीचा आराखडा स्ट्रॅदर्न, हिक्स आणि हर्स्कोविट्झ यांनी 1981 सालीच, निव्वळ उत्परिवर्तित वाणांच्या संकरांवरून तर्काने मांडला होता. डीएनएला बिलगलेल्या अल्फा-2 व एमसीएम-1 या जोडीचे स्फटिकचित्र 1998 मध्ये टॅन आणि रिचमंड यांनी प्रसिद्ध केले तेव्हा त्या तर्काला प्रत्यक्षाचे पाठबळ मिळाले. ज्ञानाच्या क्षेत्रात अनुमान प्रत्यक्षाच्या इतके पुढे धावून अचूक ठरावे, हे मला तरी या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत विलोभनीय वाटते.

अल्फा-2 संबंधी आणखी एक तपशील सांगितल्यावाचून राहवत नाही. रानटी यीस्ट आपली जात बदलू शकते; तिसऱ्या गुणसूत्राच्या दोन टोकांस ए आणि अल्फा यांच्या मुक्या प्रती जपून ठेवलेल्या असतात, ‘एचओ’ नावाचे विकर ‘मॅट’च्या जागी छेद देते, आणि रिकाम्या जागेत विरुद्ध जातीची प्रत उतरविली जाते. परंतु जुन्या राजवटीची प्रथिने मागे रेंगाळली, तर नवी राजवट लागू कशी व्हावी? मार्क हॉकश्ट्रासर आणि अलेक्झांडर वार्शाव्स्की यांनी 1990 मध्ये दाखविले की, अल्फा-2 चे निम्मे रेणू पाचेक मिनिटांतच नष्ट केले जातात. एकीकडे त्याची सतत निर्मिती आणि दुसरीकडे सतत निर्दालन, हा वरवर उधळपट्टीचा वाटणारा व्यवहार पेशीला हवे तेव्हा तत्काळ रूप पालटता यावे म्हणून पत्करलेला आहे.

एमसीएम-1 चे भाऊबंदही दूरवर पसरलेले आहेत. मनुष्याच्या पेशीतील एसआरएफ, तसेच फुलात पाकळ्या आणि पुंकेसर कोठे यावेत हे ठरविणारी वनस्पतींची प्रथिने यांच्यात त्याच घडणीचा भाग आढळला, आणि 1990 मध्ये या कुळाला चार सदस्यांच्या आद्याक्षरांवरून ‘मॅड्स’ हे नाव मिळाले. त्यातील पहिले अक्षर एमसीएम-1 चे. अल्फा-2 चे गोत्र तर माशीच्या देहाची मांडणी करणाऱ्या होमिओ-जनुकांशी जुळते.

या व्यवस्थेला शाश्वत नियम मानण्याचे मात्र कारण नाही. मनुष्याला जंतुसंसर्ग करणारे कॅन्डिडा हे यीस्टचे दूरचे नातलग. त्याच्यातही ए-जातीची खास जनुके ए-पेशीत चालू आणि अल्फा-पेशीत बंद असतात. परंतु सान फ्रान्सिस्को येथे अलेक्झांडर जॉन्सन यांच्या गटाने 2006 मध्ये दाखविले की, तेथे ती अल्फा-2 च्या मज्जावामुळे बंद नसतात. ए-पेशीत स्वतंत्र ए-2 प्रथिन त्यांना चालना देते म्हणून ती केवळ तेथेच चालू होतात. परिणाम एक, कारभार अगदी उलट. उत्क्रांतीने कागदोपत्री निकाल तोच ठेवून संपूर्ण अंमलबजावणी बदलली.

प्रतिमा सिन्हा यांनी कलकत्त्यात एमसीएमची यादी पुढे वाढविली आणि गुणसूत्रांच्या वाटणीशी संबंधित अनेक जनुके तेथेच उजेडात आली. त्यांच्या सहकारी संशोधकांपैकी शंतनुकुमार घोष मुंबईच्या पवई आयआयटीत यीस्टवर काम करू लागले, आणि कौस्तुव सान्याल यांनी कॅन्डिडाच्या गुणसूत्रबिंदूंचा अभ्यास हाती घेतला. म्हणजे ही विद्या आपल्या दारापर्यंत केव्हाच येऊन पोहोचली आहे. आपल्या बारावीच्या जीवशास्त्रात जनुक-नियमनाचे उदाहरण म्हणून जिवाणूतील लॅक ओपेरॉन शिकविले जाते. ते अवश्य शिकवावे, परंतु जिवाणू साखर पाहून जनुक उघडतो व मिटतो एवढेच त्यातून कळते, एकाच दप्तरातून दोन निराळ्या पेशी कशा घडतात ते कळत नाही. पाठ्यपुस्तक मंडळाने त्याच्या शेजारी यीस्टच्या ए आणि अल्फाला दोन पाने द्यावीत, आणि त्यात कलकत्त्याच्या या संशोधिकेचे नाव छापावे, अशी माझी विनंती आहे.