काकू, हात पाठीमागे!

घरातले माणूस मोठ्या दुखण्यातून उठले की येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो, "आता चालता येतं ना?" मधुमेहापायी आमच्या यजमानांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जखम भरली, कृत्रिम पाय बसला, आणि मी सर्वांना बिनदिक्कत सांगू लागले, "हो, छान चालतात की!"

हे उत्तर किती खोटे होते, ते एका पोरसवदा फिजिओथेरपिस्ट मुलीने मला दाखवून दिले.

तिच्या खोलीत एक हातांची खुर्ची होती आणि तीन मीटरवर फरशीला चिकटवलेली पट्टी. एवढेच! "काका, उठायचं, पट्टीपर्यंत जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. नेहमीच्या चालीनं. शर्यत नाही ही!" असे म्हणून तिने स्टॉपवॉच काढले. हे उठू लागले तशी मी सवयीने कोपराला धरायला पुढे झाले.

"काकू, हात पाठीमागे! मी आहे जवळ."

माझे हात मागे गेले मात्र, हे दोनदा अर्धवट उठून पुन्हा खुर्चीत बसले. तिसऱ्यांदा उभे राहिले. वळताना असे डगमगले की माझ्या छातीत धस्स झाले. ३१ सेकंद लागले. इतके दिवस ते चालत होते, त्यातले निम्मे चालणे माझेच होते!

ही चाचणी १९९१ साली वृद्धांसाठी तयार झाली. गुडघ्याखालून एक पाय गेलेल्यांचा २००७ साली अभ्यास झाला, त्यात १९ सेकंद किंवा अधिक वेळ घेणाऱ्यांना वारंवार पडण्याचा धोका जास्त आढळला. २००२ सालची दुसरी एक परीक्षा आहे, तिच्यात २१ बाबी. एका पायावर उभे राहणे, डोळे मिटून तोल सांभाळणे, जमिनीवरची पेन्सिल उचलणे, जिना चढणे. ती कृत्रिम पाय बसण्यापूर्वीही घेता येते. इथे पास-नापास नसते. कोणता पाय द्यावा आणि कोणता व्यायाम करावा, हे त्यावरून ठरवायला मदत होते.

यजमान मात्र कुरकुरले, "ही सगळी खुर्चीवाल्यांची परीक्षा! आमचं देवघर जमिनीवर आहे." मुलगी हसली. जयपूर फूट १९६८ साली घडला, तोही मांडी घालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसांचा विचार करूनच, असे तिने सांगितले, आणि कागदावर एक ओळ वाढवली : 'पाटावरून उठणे'.

मग आमच्या पॅसेजमध्ये खडूची रेघ आली. रविवारी सकाळी तीच खुर्ची, तेच बूट, तेच अंतर. चिरंजीव बाजूला उभे आणि सूनबाईंच्या हाती घड्याळ. आकडे कॅलेंडरवर लिहायचे. ३१ चे २४ झाले, २४ चे १७.

आणि श्रावणात एका रविवारी एकदम २२! "आज लक्ष नव्हतं, १७च लिही," हे म्हणाले. सूनबाईंनी २२च लिहिले. पुढच्या रविवारी २३. आम्ही त्या मुलीकडे गेलो. तिने कृत्रिम पाय उतरवून पाहिला, तर त्वचेवर लालभडक चट्टा! उरलेला पाय आकसतो, तसा वरचा साचा सैल होतो आणि आत घर्षण होते. मधुमेहाने संवेदना बोथटलेली, त्यामुळे यांना काही जाणवलेच नव्हते. जे पायाला कळले नाही, ते घड्याळाला कळले होते! जाड मोजे वाढवले, चार दिवस पाय उतरवून ठेवला, नंतर साचा बदलला. जखम होण्याचे टळले.

एकदा पाय गेलेल्या घराला दुसऱ्या जखमेची भीती काय असते, ते सांगायला नको.

परवा कुणीतरी पुन्हा विचारले, "चालता येतं ना?" मी म्हटले, "१८ सेकंद लागतात." ते बिचारे बघतच राहिले!

पाटावरून उठायला अजून भिंतीचा आधार लागतो. पाडव्याला ओवाळून झाल्यावर हे उठतील, तेव्हा चिरंजीव शेजारी असतीलच. माझ्या हाती मात्र तबक असेल. बरेच आहे ते!