नव्या गाडीत जुने एंजिन

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीहून आमच्या महाविद्यालयात येणारा एक विद्यार्थी मध्यंतरी तास संपल्यावर माझ्यापाशी येऊन थांबला. त्याच्या घरी दोन बोलेरो गाड्या आहेत. एक जुनी, तिचा पत्रा गंजून गेला आहे, पण एंजिन ठणठणीत. दुसरी २०१७ सालची. ती पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून नेताना बंद पडली ती पडलीच. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी अशा यात्रेकरूंच्या फेऱ्यांवर त्यांचे घर चालते. नव्या एंजिनाची किंमत ऐकून वडिलांच्या मनात आले, की जुन्या गाडीचे एंजिन उतरवून नवीत का चढवू नये? कंपनी एक, गाडीचे नाव एक. "सर, बसेल का?" असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात पदार्थविज्ञानाची निम्मी प्रकरणे दडलेली आहेत.

प्रथम पाण्याने एवढे काय बिघडते ते पाहू. एंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वर येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते. नव्या गाडीच्या एंजिनात तीन नळकांडी असून त्यांचे एकूण आकारमान १४९३ घन सेंमी. आहे, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४९८. डिझेल एंजिनात हवा मूळच्या सोळाव्या हिश्शाइतकी दाबली जाते असे धरले, तर दट्ट्या अगदी वर असताना उरणारी जागा होते ४९८ भागिले १५, म्हणजे केवळ ३३ घन सेंमी. चहाचे सात चमचे! हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सात चमच्यांहून अधिक पाणी आत गेले, की दट्ट्या मध्येच अडतो, फिरत्या चक्राचा जोर मात्र चालूच असतो आणि मधला दांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुनःपुन्हा चालू करू पाहणे फार महागात पडते.

आता जुन्या एंजिनाची ओळख करून घेऊ, कारण त्याचे घराणे मोठे आहे. त्याचे आकारमान २५२३ घन सेंमी. नळकांड्याचा व्यास ८८.९ मिमी. आणि दट्ट्याची धाव १०१.६ मिमी. हे आकडे विचित्र वाटतात ना? २५.४ ने भागून पाहा: साडेतीन इंच आणि चार इंच! इंचांत आखलेले हे एंजिन मूळचे ट्रॅक्टरच्या कुळातले. महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्या ट्रॅक्टरांच्या एंजिनांपासून पुढे जीप गाड्यांची डिझेल एंजिने तयार झाली. त्याआधीच्या विलिस जीपमध्ये २१९९ घन सेंमी.चे पेट्रोल एंजिन असे. पेट्रोल परवडेनासे झाले, तेव्हा कित्येकांनी आपल्या जीपमधले ते एंजिन काढून डिझेल एंजिन बसवून घेतले. तेव्हा एंजिनाची अदलाबदल ही आपल्याकडच्या मेस्त्रींना नवी गोष्ट नाही. नवी आहे ती गाडी.

"मोठे एंजिन, मोठी ओढ" असे ड्रायव्हर मंडळी म्हणतात. आकडे काय सांगतात? चाक फिरविण्याच्या क्षमतेला परिबल म्हणतात. गॅरेजात यालाच टॉर्क म्हणतात. जुन्या साध्या पंपाच्या एंजिनाचे जास्तीत जास्त परिबल मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांवर १८० न्यूटन-मीटर होते. २०१६ साली आलेल्या नव्या, लहान एंजिनाचे १४०० ते २२०० फेऱ्यांच्या दरम्यान १९५ न्यूटन-मीटर! परिबलाला कोनीय वेगाने गुणले की शक्ती मिळते. १५०० फेरे म्हणजे सेकंदाला १५७ रेडियन. गुणाकार करा: जुन्याचे सुमारे २८ किलोवॉट, नव्याचे ३१. जवळजवळ निम्म्या आकाराचे एंजिन काकणभर जास्तच ओढते.

हे कसे साधते? लिटरमागे हिशेब केला, तर जुने एंजिन ७१ न्यूटन-मीटर देते, नवे १३१. एवढ्याशा नळकांड्यात अधिक हवा कोंबलेली असते आणि डिझेल हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाने, नेमक्या क्षणी, बारीक तुषारांच्या रूपाने सोडले जाते. दट्ट्यावरचा सरासरी दाब त्यामुळे जवळपास दुप्पट होतो.

तरीही ड्रायव्हरांचे म्हणणे मी थट्टेवारी नेणार नाही. हवा कोंबणारा टर्बो हा एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरतो. गाडी भरलेली, चढाची सुरुवात, एंजिन मंद फिरते आहे. अशा वेळी धूर कमी, म्हणून टर्बोचा जोरही कमी. तेव्हा नळकांड्याचे स्वतःचे आकारमानच कामी येते. दहा माणसे बसवून चढावर गाडी उचलणाऱ्याला जुने एंजिन बळकट वाटते ते या पहिल्या काही क्षणांमुळे, आणि त्या क्षणांपुरते ते खरेही आहे.

ओढीचा प्रश्न असा निकालात निघाला, आता जागेचा. करासाठी 'छोटी मोटार' कोणती हे ठरविताना केंद्र सरकारने दोन मर्यादा घातल्या: लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल एंजिन १५०० घन सेंमी.पर्यंत. आता नव्या गाडीचे आकडे पाहा. लांबी ३९९५ मिमी., एंजिन १४९३ घन सेंमी.! दोन्ही रेषेच्या अगदी अलीकडे. आधीची गाडी ४१०७ मिमी. लांब होती. तेव्हा तीन नळकांड्यांऐवजी चार नळकांड्यांचे लांब एंजिन ठेवायचे, तर पुढे रेडिएटर आणि मागे गिअरची पेटी यांच्यात ते मावते का, हे टेप लावून मोजलेच पाहिजे. गिअरच्या पेटीला जोडणारी भोके जुळली नाहीत तर मध्ये लोखंडी पट्टी घालावी लागते, आणि एंजिनाचा व पेटीचा अक्ष केसाइतका जरी हलला, तरी बेअरिंगे लवकर संपतात. शिवाय जुने एंजिन ३२०० फेऱ्यांवर आपली पूर्ण ६३ अश्वशक्ती देते, नवे ३६०० फेऱ्यांवर ७०. गिअर तेच ठेवले, तर प्रत्येक गिअरमध्ये गाडीचा वेग त्या प्रमाणात, म्हणजे नवव्या हिश्शाने घटणार.

रेडिएटरची चिंता त्या मानाने कमी, कारण दोघांची शक्ती जवळजवळ सारखी. मात्र उष्णतेचा अंदाज मुलांना नसतो म्हणून सांगतो. रस्त्याने जोरात चाललेले असे एंजिन थंड करणाऱ्या पाण्याला सहज २० किलोवॉट उष्णता देते. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचे दहा लिटर पाणी ५० अंशांपर्यंत तापायला सुमारे ५० सेकंद लागतात. अकलोलीच्या कुंडातल्यासारखी कढत पाण्याची एक बादली, दर मिनिटाच्या आत!

खरी अडचण पुढेच आहे. नव्या गाडीतील एंजिनावर एक छोटा संगणक नजर ठेवतो. किती फेरे, किती तापमान, किती दाब, हे त्याला संवेदकांकडून विद्युत्-संकेतांनी कळते. जुने एंजिन त्याला काहीच कळवीत नाही. मेस्त्री म्हणेल, संगणक काढून टाकू. जुन्या एंजिनाला डिझेल आणि बॅटरी दिली की पुरे. एंजिन सुरू होईलही. पण काटे हलणार नाहीत, आणि एंजिन तापत असल्याची सूचना देणारा दिवाही लागणार नाही.

याहून महत्त्वाचा आहे ब्रेक. डिझेल एंजिनाच्या हवेच्या वाटेत पेट्रोल एंजिनासारखी चिंचोळी झडप नसते, म्हणून तिथे निर्वात तयार होत नाही. त्यासाठी एंजिनावर फिरणारा वेगळा पंप लागतो. ब्रेकच्या पायाजवळ एक चपटा डबा असतो. त्यात एक पडदा असून त्याच्या एका बाजूची हवा हा पंप काढून घेतो. पडद्याचा व्यास २० सेंमी. धरा. क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी. दर चौ. सेंमी.वर वातावरणाचा भार सुमारे एक किलो. पंपाने पाचातली चार भाग हवा काढली तर पडद्यावर २५० किलोंचा भार पडतो. आपण ब्रेकवर पाय ठेवतो तेव्हा ही वातावरणाची मदत आपल्या पायाला मिळते. एंजिन बदलताना पंपाची नळी नीट जोडली नाही, वाकली किंवा सैल राहिली, तर ब्रेक एकदम "जात" नाही. तो दगडासारखा कठीण होतो. सपाटीवर रिकाम्या गाडीत हे कदाचित जाणवणारही नाही. भरल्या गाडीने उतारावर ते जाणवेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल. त्या विद्यार्थ्याला मी हा हिशेब फळ्यावर करून दाखविला, कारण त्याच्या घरच्या गाडीत रोज परकी माणसे बसतात.

कायद्याची बाजूही आहे. नोंदणी पुस्तकात एंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत असे फेरफार करण्यावर बंधन घालते आणि एंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची संमती लागते. नवी गाडी ज्या धुराच्या मानकाला उतरली, त्याहून जुन्या मानकाचे एंजिन तिच्यात चढविणे तिथे मान्य होणे अवघडच. आणि संमतीविना प्रवासी नेताना अपघात झाला, तर विमा कंपनी प्रथम तो क्रमांकच ताडून पाहील.

मग त्या कुटुंबाने काय करावे? मी सुचविले ते असे. पाण्याने बंद पडलेले एंजिन आधी उघडून पाहावे. पुष्कळदा एखादाच दांडा वाकलेला असतो. नळकांडी शाबूत असतील तर दांडा, दट्ट्या आणि बेअरिंगे बदलून तेच एंजिन, त्याच क्रमांकासह, पुन्हा उभे राहते. नळकांडे चिरले असेल, तर त्याच जातीचे एंजिन मोडीत निघालेल्या गाडीतून कागदपत्रांसह घ्यावे. जुने २५२३ चे एंजिन मात्र भंगारात घालू नये. त्याच जातीच्या कितीतरी गाड्या अजून खेडोपाडी धावत आहेत, आणि त्यांच्या मालकांना ठणठणीत एंजिनाचे चांगले पैसे मोजायला हरकत नसते. तेच पैसे नव्याच्या दुरुस्तीला लावता येतात.