आडनावातील गाव

बीड जिल्ह्यात तेलगाव नावाचे गाव आहे, आणि मराठी मुलखात ‘तेलगावकर’ हे आडनावही आढळते. तेलगावकर म्हणजे मूळचा तेलगावचा, हे कोणीही सांगेल. परंतु एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. तेलगावात तर सर्वच तेलगावचे. मग तेथे एकालाच तेलगावकर म्हणून काय उपयोग? गावात मनुष्य घराण्यावरून, वतनावरून वा व्यवसायावरून ओळखला जाई. कोणी देशमुख, कोणी कुलकर्णी, कोणी सुतार. तोच परगावी जाऊन राहिला, की तेथील लोक त्याला त्याच्या गावाच्या नावाने ओळखू लागत. म्हणजे असे आडनाव बहुधा गाव सोडल्यावरच मिळते.

गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय जोडला, म्हणजे ‘त्या गावचा’ असा अर्थ होतो. धारूरचा तो धारूरकर, परळीचा परळीकर, माजलगावचा माजलगावकर. कधी प्रत्यय लागताना मूळ नावाचा अंत्य स्वर बदलतो. साताऱ्याचा मनुष्य सातारकर होतो. कधी बोलण्याच्या ओघात नावाचे रूपच पालटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आडनाव याचे उत्तम उदाहरण होय. त्यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली दूर महू येथे झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तेव्हा शाळेच्या नोंदवहीत ‘आंबेडकर’ असे आडनाव लिहिले गेले. अशा रीतीने कोकणातील एका लहानशा खेड्याचे नाव साऱ्या जगाला परिचित झाले.

मनुष्य जाईल तेथे त्याचे आडनावही जाते. नीरा नदीच्या काठी होळ नावाचे गाव आहे. तेथील मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकात माळव्यात पराक्रम गाजविला, आणि इंदूरच्या राजघराण्याला होळचे नाव लाभले. कोकणातील बेने इस्राएल ज्यू लोकांनीही पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे धारण केली होती. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. त्यांच्यासमवेत पेण आणि रोहे ही नावेही समुद्रापार पोहोचली.

मात्र आडनावावरून घाईने तर्क करू नये. तेलगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. तेव्हा दोन तेलगावकर एकाच गावचे असतीलच असे नाही. ते एकाच गावचे निघाले, तरी एकाच कुळातील असतील असेही नाही. गाव तर अठरापगड जातींचे असते. म्हणून एकच आडनाव निरनिराळ्या जातींत व धर्मांतही आढळते. आडनाव ऐकून मनुष्याची जात ताडू पाहणे जसे फसवे, तसेच ते अनुचितही होय.

विद्यार्थ्यांनो, आजही बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी दरवर्षी घरदार सोडून परमुलखात जातात. परगावचा मनुष्य आपल्या दारी आला, तर त्याचे कूळ विचारू नये. त्याच्या गावाची हकीकत विचारावी. गाव सुटले तरी गावाची ओढ सुटत नाही, हेच ‘कर’ हे एक अक्षरयुग्म आपल्याला सांगत असते.