खाडीची प्रकृती चिखलात कळते

दरवर्षी हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत मुक्काम करतात. ऐरोली, भांडुप, शिवडी येथे त्यांना पाहण्यासाठी मोठी गर्दी होते. काही हंगामांत या पक्ष्यांची संख्या लाखावर गेल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या गणनेत आढळले. राज्य शासनाने २०१५ मध्ये खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत स्थान मिळाले. एवढे पक्षी येतात, त्याअर्थी खाडीची प्रकृती उत्तम असली पाहिजे, असे कोणालाही वाटेल. परंतु ती प्रकृती जोखायची तर पक्ष्यांच्या पायाखालचा चिखल तपासावा लागतो.

ओहोटीला उघडा पडणारा हा काळपट चिखल वरवर निर्जीव भासतो. प्रत्यक्षात त्यात पाठीचा कणा नसलेल्या, म्हणजेच अपृष्ठवंशीय, प्राण्यांची दाट वस्ती असते. नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारे सूत्रकृमी, चिखल गिळून त्यातील सेंद्रिय कण पचविणारे वलयी कृमी, पाणी गाळून अन्न मिळविणाऱ्या तिसऱ्या, तिवरांच्या मुळांशी चरणाऱ्या शंखवाल्या गोगलगायी, खडकांना चिकटलेली कालवे, एक नांगी अवाढव्य वाढलेले फिडलर खेकडे, बिळांत राहणारी चिंबोरी आणि बालपण खाडीत काढून समुद्राकडे जाणारी कोलंबी असा हा गोतावळा आहे. खेकड्यांच्या आणि कृमींच्या बिळांतून चिखलाच्या आतल्या थरांना प्राणवायू मिळतो. तिसऱ्या व कालवे पाण्यातील गाळ व सूक्ष्म वनस्पती गाळून घेतात. मासे आणि किनाऱ्यावरचे पक्षी यांचे अन्नही यांतूनच येते.

या वस्तीत कोणी राहावे हे प्रामुख्याने पाण्याच्या खारटपणावर ठरते. समुद्राच्या पाण्यात दर हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतात; नदीच्या पाण्यात ते नगण्य असतात. खाडीत या दोन टोकांमधील सर्व अवस्था आढळतात. समुद्राकडून आत यावे तसतसे खाऱ्या पाण्याचे प्राणी गळत जातात. गोड्या पाण्याचे प्राणीही वरून फार खाली उतरू शकत नाहीत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अडॉल्फ रेमाने यांनी १९३४ मध्ये बाल्टिक समुद्राच्या अभ्यासातून दाखवून दिले, की दर हजारी ५ ते ८ भाग क्षारांच्या मचूळ पाण्यात प्राण्यांच्या जाती सर्वांत कमी असतात. खाडीत जाती मोजक्याच असणे हे त्यामुळे नेहमीच प्रदूषणाचे लक्षण नसते.

कोकणच्या आणि गोव्याच्या खाड्यांत या नियमाला पावसाळ्याची जोड मिळते. जून ते सप्टेंबर या काळात नद्यांचे पूर खाडीतील खारे पाणी बाहेर लोटतात. तिसऱ्या शिंपले घट्ट मिटून घेतात, कृमी खोल चिखलात शिरतात, चिंबोरी बदलता खारटपणा सहन करते. ज्यांना यातले काहीच जमत नाही, ते मरतात. गोव्यातील मांडवी आणि झुआरी नद्यांच्या मुखप्रदेशात राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासांतही पावसाळ्यात तळावरील प्राण्यांची संख्या घटते आणि पावसानंतर पुन्हा वाढते, असे दिसून आले. भरतीबरोबर आत येणाऱ्या अळ्या रिकाम्या चिखलात नव्याने वस्ती करतात. ही पुनर्वसाहत सुरळीत होण्यास दोन गोष्टी आवश्यक असतात. समुद्राकडची वाट मोकळी हवी आणि उतरण्याजोगा चिखल हवा.

सांडपाण्याने नेमका हा चिखलच बदलतो. सेंद्रिय कचरा कुजताना प्राणवायू संपतो आणि पृष्ठभागाखाली काळा, कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा थर वर सरकू लागतो. पिअर्सन आणि रोझेनबर्ग या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या प्रक्रियेचे टप्पे मांडले. प्रारंभी थोडे जास्त अन्न मिळाल्याने प्राणी वाढतात. भार वाढला की शिंपल्यांचे आणि खोल बिळे करणारे मोठे प्राणी नाहीसे होतात. त्यांच्या जागी कॅपिटेलासारखे छोटे, झपाट्याने वाढणारे कृमी प्रचंड संख्येने येतात. भार याहून वाढला तर तेही उरत नाहीत. मधल्या टप्प्यावर चिखलात जीव भरपूर असतात, पण जवळजवळ सगळे एकाच जातीचे. संख्या आणि विविधता यांतील हा फरक ध्यानात घेतला नाही, तर आजारी खाडीही समृद्ध भासते.

रोहित पक्ष्यांचे कोडे येथे उलगडते. खाडीत येणाऱ्या थव्यांत मोठा भरणा लहान रोहितांचा असतो आणि त्यांचे मुख्य अन्न म्हणजे निळे-हिरवे शैवाल व तत्सम सूक्ष्म वनस्पती. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर हे शैवाल पोसले जाते. मोठा रोहित अपृष्ठवंशीय प्राणीही खातो. पण त्यालाही संख्या पुरते, विविधता लागतेच असे नाही. कोळी बांधवांचे मात्र तसे नाही. त्यांना तिसऱ्या, चिंबोरी, कोलंबी लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६०च्या दशकापासून वाढलेली कारखानदारी आणि दोन्ही काठांवरील शहरांचे सांडपाणी यांचा फटका प्रथम त्यांच्या जाळ्याला बसला. शिवाय पाणी गाळून जगणाऱ्या शिंपल्यांत जड धातू आणि रोगजंतू साठतात. ते शेवटी ताटात येतात.

बिघडलेली खाडी सुधारू शकते का, याचे उत्तर ओडिशातील चिलिका सरोवराने दिले. समुद्राशी जोडलेल्या या खाऱ्या सरोवराचे मुख गाळाने अरुंद झाले, खारटपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि १९९३ मध्ये त्याची नोंद रामसर कराराच्या संकटग्रस्त पाणथळींच्या यादीत झाली. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले. भरतीचे पाणी आणि त्याबरोबर कोलंबी व खेकड्यांची पिल्ले पुन्हा आत येऊ लागली. मासळीचे उत्पन्न वाढले आणि २००२ मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर आले.

ठाण्याच्या खाडीला समुद्राची वाट अद्याप मोकळी आहे. अडचण चिखलाची आहे. सांडपाणी प्रक्रियेविना आत सोडले जाणे थांबले, कांदळवनांतील भराव रोखले गेले आणि पुलांच्या बांधकामात प्रवाहाचा विचार झाला, तर दर पावसाळ्यानंतर येणाऱ्या अळ्यांना राहण्याजोगी जागा मिळेल. झालेला बदल पक्ष्यांवरून कळणार नाही, कारण ते जागा सोडून उडून जाऊ शकतात. तिसरीला ती सोय नसते. म्हणूनच पक्षिगणनेच्या जोडीने दरवर्षी ठरावीक ठिकाणचा चिखल चाळून त्यातील जाती मोजल्या, तर खाडी सुधारते आहे की खालावते आहे, हे वेळीच समजेल.