जालन्याजवळचे बेथेल

मराठवाड्यात ख्रिस्ती मिशन आले ते छावण्यांच्या वाटेने. हैदराबाद कंटिन्जंट ही निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज. हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) ही तिची ठाणी. निजामाच्या मुलखात मिशनऱ्याला इंग्रजी अमलाचा जो काही आडोसा मिळे, तो या ठाण्यांच्या आसपास. जालन्यात मात्र मिशन छावणीतून निघून थेट शेतात गेले. ते नेले नारायण शेषाद्री यांनी.

जन्माने ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यापाठोपाठ मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेऊन अज्ञान मुलगा परत मिळवला. पण मिशनऱ्यांकडे जेवलेल्या पोराला जातीत घ्यायचे कसे? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहिले आणि मुंबईत मोठे वादळ उठले. श्रीपतला परतीची वाट इतकी अवघड, तर नारायणरावांना ती नव्हतीच.

१८६० च्या दशकात ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे जालन्यात आले. त्यांचे काम मुख्यतः मातंग समाजात वाढले. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, सणाला देवळापुढे हलगी वाजवायची आणि खळ्यावर बलुते घ्यायचे, असा त्या घरांचा संसार. ख्रिस्ती झालेला माणूस देवापुढे हलगी वाजवणार नाही. मग बलुत्यावर त्याचा हक्क काय उरला? गावविहिरीवर तर तो आधीही नव्हता. कोरडवाहू मुलखात एवढ्यावर माणूस उपाशी पडतो. प्रवचनाने हा प्रश्न सुटणारा नव्हता, जमीन हवी होती. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी ती दिली आणि जालन्याजवळ ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव वसले. नाव ठेवले बेथेल. हिब्रू भाषेत देवाचे घर. मुसलमान दिवाणाच्या देणगीवर, ब्राह्मणाच्या पुढाकाराने, मातंगांचे ख्रिस्ती गाव, असा हा विलक्षण योग.

१८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्स परिषदेत शेषाद्री पागोटे घालूनच वावरले. १८९१ मध्ये ते वारले. बाराच वर्षांनी, १९०३ मध्ये, कंटिन्जंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि तिचे वेगळे अस्तित्व संपले. जालन्याचे मिशन पुढे शाळा व दवाखाना चालवत राहिले. स्कॉटिश परंपरेतल्या या मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या.