आमच्या घरातली शांपूची बाटली



या वेळच्या भित्तिपत्रकात प्रत्येकाने आरोग्यावर काहीतरी लिहायचे असे गुरुजींनी सांगितले. कोणी दात घेतले, कोणी नखे घेतली. मी शांपू घेतला तेव्हा सगळा वर्ग हसला. पण हा वासाचा शांपू नव्हे. हा औषधाचा शांपू आहे. आमच्या घरात तो तिघांच्या अंगाला लागला. दोघांना गुण आला आणि तिसऱ्याचं वाढलं. तो तिसरा म्हणजे माझा धाकटा भाऊ, पहिलीतला. त्यात चूक माझी होती, म्हणून हे मीच लिहिते.

सुरुवात बाबांपासून झाली. मे महिन्यात बाबा आंब्याच्या बागेत कामाला होते. आमच्या कोकणात तेव्हा घाम असा येतो की सदरा पिळून काढावा. एके दिवशी पाठ चोळताना आईला बाबांच्या पाठीवर आणि मानेवर पांढरट ठिपके दिसले. दुखत नव्हते, फार खाजतही नव्हते. पण आजी एकदम गप्प झाली. शेजारच्या काकी हळूच म्हणाल्या, "कोड तर नव्हे ना गो?" त्या दिवसापासून बाबा अंगात सदरा घालूनच ओटीवर बसायचे. आमच्या आत्याचे लग्न ठरवायचे चालले होते, म्हणून घरात सगळे कुजबुजत बोलायचे. मला कोणी काही सांगत नव्हते, पण मला सगळे कळत होते.

शेवटी आईने बाबांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. मीही गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी एका ठिपक्यावर नखाने हळूच खरवडले. तर त्यातून बारीक भुसा निघाला, तांदळाच्या कोंड्यासारखा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हे कोड नाही. कोडाच्या डागातून असा भुसा निघत नाही. ही शिबं आहेत." शिबं म्हणजे कातडीवरची बुरशी. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. आई बाहेर आल्यावर बाकावर बसून रडली. मला वाटले काहीतरी वाईट झाले, पण ती आनंदाने रडत होती.

ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर राहते, माझ्या आणि तुमच्यासुद्धा. तिचे नाव मॅलॅसेझिया. १८७४ साली मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती डोक्यावरच्या कोंड्यात पाहिली होती, त्याच्यावरून हे नाव पडले. आपल्या कातडीतून जे तेल येते ते तिचे खाणे. एरवी ती गुपचूप असते. गरमी, घाम आणि तेलकटपणा मिळाला की वाढते. पाठीवर वाढली तर शिबं येतात. डोक्यावर तिच्यामुळे कोंडा होतो.

बाबांना जी बाटली लिहून दिली तिच्यावर कीटोकोनॅझोल २ टक्के असे लिहिले होते. गुरुजींनी टक्के शिकवले आहेत म्हणून मी हिशेब केला. १०० मिलिलिटरच्या बाटलीत २ ग्रॅम औषध. एवढेसेच, पण बुरशी मारायला ते पुरते. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. पाठ ओली करून शांपू लावायचा, डागाच्या बाजूच्या चांगल्या कातडीलाही लावायचा, फेस करायचा आणि पाच मिनिटे तसाच ठेवायचा. मग धुवायचे. दिवसातून एकदा, असे पाच दिवस.

बाबा हे सगळे येताना वाटेतच विसरले. त्यांनी शांपू साबणासारखा लावला आणि लगेच दोन तांबे ओतून मोकळे झाले. पाच दिवसांनी आईने खरवडून बघितले तर भुसा निघतोच आहे. बाबा म्हणाले, पैसे फुकट गेले. डॉक्टरबाईंनी विचारले, किती वेळ ठेवलात? बाबांना उत्तर येईना. औषध अंगावर थांबलेच नाही तर बुरशी मरणार कशी? म्हणून पाच दिवस पहिल्यापासून करायचे ठरले.

पण न्हाणीत घड्याळ कुठले? आणि फेस लावून पाच मिनिटे म्हणजे फार वेळ वाटतो. तेव्हा मी एक युक्ती काढली. पाढे म्हणायचे. शाळेच्या घड्याळासमोर उभी राहून मी मोजून बघितले. घाई न करता एका ओळीला दोन सेकंद लागतात. बे पासून दहापर्यंत नऊ पाढे, म्हणजे ९० ओळी, १८० सेकंद, बरोबर तीन मिनिटे. बे पासून पंधरापर्यंत १४० ओळी, २८० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांना वीस सेकंद कमी. ती भरायला सोळाचा पाढा पुन्हा म्हणायचा. मी न्हाणीच्या दारात बसून पाढे म्हणत असे आणि बाबा आतून माझ्या चुका काढत. त्यामुळे माझे पाढे पाठ झाले आणि बाबांची शिबं गेली.

गेली म्हणजे काय, भुसा निघायचा बंद झाला. पांढरे डाग तसेच होते. बाबांना वाटले औषध अजून लागलेच नाही, म्हणून त्यांनी आणखी तीन दिवस लावले. मान लाल झाली आणि चुरचुरायला लागली. बुरशी मेली तरी कातडीचा रंग परत यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. रंग आला नाही म्हणून शांपू लावत राहायचे नाही. आज माझे बाबा आले आहेत तर बघा, मानेवर अजून थोडे फिकट दिसते. ते कोड नाही. शिबं पुढच्या उन्हाळ्यात परत येऊ शकतात. म्हणून गरमी सुरू व्हायच्या आधी तीन दिवस हा शांपू लावा असे त्यांना सांगितले आहे.

दुसरी ताई. ती दहावीत आहे. तिच्या डोक्यात कोंडा होता, काळ्या ओढणीवर पडला की ती लाजायची. तिलाही हाच शांपू मिळाला, पण हिशेब वेगळा. आठवड्यातून दोनदाच, चार आठवडे. छोटा चमचाभर पुरतो. केसांना नाही, डोक्याच्या कातडीला बोटांच्या टोकांनी लावायचा, नखांनी नाही. तीन ते पाच मिनिटे ठेवायचा. इथे आजीचे आणि डॉक्टरबाईंचे जमले नाही. आजी म्हणते कोंडा म्हणजे डोके सुकले, चांगले तेल थापा. पण तेल तर त्या बुरशीचे खाणे! ताईने महिनाभर डोक्याच्या कातडीला तेल लावले नाही. आजी अजून रुसलेली आहे, पण कोंडा गेला हे तिनेही बघितले.

एकदा फेस ताईच्या डोळ्यात गेला. तेव्हा डोळे चोळायचे नाहीत, साध्या पाण्याने भरपूर धुवायचे. जखमेवर, फोडावर हा शांपू लावायचा नाही. पोटात जाता कामा नये. बारा वर्षांखालच्या मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचाच नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हते, आणि माहीत असते तर पुढचे झाले नसते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा धाकट्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढी जागा विरळ झाली. ताईसारखाच कोंडा दिसत होता. आईला रोपलावणीची घाई. मी म्हटले, आपल्याकडे बाटली आहे, पाढे मला येतात, मीच करते. तीन आठवडे मी त्याचे डोके धुतले. ती जागा पुरीएवढी झाली. केस मुळाशी तुटायला लागले. कोणी म्हणाले चाई आहे, लिंबू घासा. एका दुकानातून खाजेची एक ट्यूब आली, ती लावल्यावर चार दिवस खाज थांबली आणि मग दुप्पट झाली. शाळेत त्याच्याशेजारी कोणी बसेना. त्याला टकल्या म्हणायचे. तो दप्तर घेऊन वर्गाबाहेर पायरीवर बसलेला मी मधल्या सुटीत पाहिला.

डॉक्टरबाईंनी बघितल्याबरोबर सांगितले, हा डोक्यातला नायटा आहे. चाईत कातडी गुळगुळीत असते. इथे पापुद्रे होते आणि तुटलेल्या केसांचे काळे ठिपके होते. लहान मुलांच्या डोक्यात असा कोंडा दिसला आणि केस तुटू लागले तर नायट्याचीच शंका आधी घ्यायची. ही बुरशी वेगळी. ती केसाच्या मुळात, आत शिरते. शांपू वरच्यावर धुतो, मुळापर्यंत पोचत नाही. तिला पोटातून गोळ्याच लागतात, त्याही सहा ते आठ आठवडे. भावाच्या गोळ्या जेवणानंतर दुधाबरोबर घ्यायच्या आहेत, कारण स्निग्ध पदार्थाबरोबर त्या अंगाला जास्त लागतात.

आणि त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, पण आत बुरशी आरामात वाढते. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावीत असे ठरवले आहे. आम्ही चिठ्ठी नेली नव्हती आणि कोणी मागितलीही नाही.

मी विचारले, मग माझे तीन आठवडे वाया गेले का? डॉक्टरबाई म्हणाल्या, तुझ्यामुळे उशीर झाला हे खरे, पण शांपू टाकू नकोस. गोळ्यांबरोबर आठवड्यातून दोनदा त्याचे डोके शांपूने धुवायचे आहे. त्याने तो बरा होणार नाही, पण केसांवरची बुरशी दुसऱ्याला लागायची कमी होते. कारण नायटा लागतो! कंगव्याने, टोपीने, टॉवेलने, उशीने. त्यांनी आम्हां सर्वांची डोकी तपासली. घरात मांजर आहे का तेही विचारले, कारण मांजराकडूनही येतो. आता भावाचा कंगवा वेगळा आहे आणि उशीचे अभ्रे आई गरम पाण्यात धुते. गोटा करायची गरज नाही. गोळ्या सुरू झाल्या की शाळेत यायलाही हरकत नाही, हे मुद्दाम लिहिते. त्याच्या वर्गातल्या आणखी दोन मुलांना तसे चट्टे दिसले आहेत. त्यांच्या आईवडिलांनी चाई समजून थांबू नये. आणि त्यांनी आमच्याकडे बाटली मागू नये, मी देणार नाही.

एक राहिले. बाजारात दुसरा एक औषधाचा शांपू असतो, सेलेनियम सल्फाइडचा. तो शिबांवर दहा मिनिटे ठेवतात आणि त्याने चांदीचे दागिने काळे पडू शकतात, म्हणून आधी काढून ठेवायचे. म्हणजे एका बाटलीचा हिशेब दुसरीला चालत नाही. बाटलीवरचे वाचायचे, आणि नाही वाचता आले तर चौथीतल्या मुलाकडून वाचून घ्यायचे.

भावाच्या डोक्यावर आता बारीक लव आली आहे, हात फिरवला की मऊ लागते. तो सगळ्यांना हात लावून बघायला सांगतो आणि आई ओरडते. पुढच्या सोमवारी आठ आठवडे पुरे होतात. त्या दिवशी त्याला परत दाखवायला न्यायचे आहे. मी गुरुजींना सुटीचा अर्ज दिला आहे.