ऑफिस, ओव्हन आणि आगेगे!

‘जॉब सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय यार!’ महिनाअखेरीला कॅन्टीनच्या कटिंगबरोबर हा डायलॉग आपण सगळेच मारतो. मग पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि विषय तिथेच संपतो. मी लंडनला मास्टर्स करत होते तेव्हा माझ्या फ्लॅटमेटने मात्र हा विषय संपू दिला नाही.

आम्ही पेकहॅममध्ये राहायचो. इथला राय लेन हा रस्ता म्हणजे छोटं लागोसच! हिरव्या केळ्यांचे घड, सुकी मासळी, रंगीबेरंगी कापडं आणि कुठल्याही वयस्कर बाईला बिनधास्त ‘आंटी’ म्हणणारी पोरं. अगदी आपल्यासारखीच. माझी फ्लॅटमेट जन्माने लंडनची, तिचे आईवडील लागोसचे. आठवडाभर इन्शुरन्स कंपनीत एक्सेल शीट्स, आणि शनिवारी पहाटे घरभर जायफळाचा वास. कारण? तिला बेकरी सुरू करायची होती, पश्चिम आफ्रिकेच्या चवीची.

पाव आला कुठून?

तिचा हीरो होता आगेगे ब्रेड. लागोसच्या आगेगे भागावरून हे नाव पडलं. मऊ, किंचित गोड आणि तरीही भरीव असा हा पाव कणीक रोलरमधून पुन्हापुन्हा दाबून काढून बनवतात. नायजेरियात पावाचा धंदा वाढवला तो जमैकाहून आलेल्या अमोस शॅकलफोर्ड यांनी. आधी रेल्वेत कारकून असलेल्या या माणसाने १९२१ मध्ये लागोसमध्ये बेकरी काढली. ‘बघ, त्यानेही ऑफिसच सोडलं होतं!’ हे तिचं आवडतं वाक्य.

जोडीला होते पफ-पफ, म्हणजे यीस्ट घातलेल्या मैद्याचे तळलेले गोळे. घानामध्ये यांनाच बोफ्रोट म्हणतात. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, ‘अगं, हे तर आमच्या गुलगुल्यांचे चुलतभाऊ!’

आईचं म्हणणं

सगळं मस्त चाललं होतं, फक्त तिची आई सोडून. ‘रस्त्यावर पफ-पफ तळायला तुला शिकवलं का?’ तिच्या आईने लंडनला आल्यावर वर्षानुवर्षं रात्रपाळीत ऑफिसं साफ केली होती. लेक त्याच ऑफिसात खुर्चीवर बसली, हीच तिची कमाई. ती सोडून पोरगी पिठात हात घालणार? मी गप्प बसले. मी फ्रीलान्सिंग करणार म्हटल्यावर आमच्या आईनेही काही पेढे वाटले नव्हते.

पहिला रविवार

मार्केटमध्ये स्टॉल लागला तेव्हा तिने एक स्मार्ट आयडिया केली होती. ट्रेंडी गिऱ्हाइकांसाठी आगेगेचं ‘सावरडो’ व्हर्जन, आंबवलेलं आणि वरून कडक. किंमतही तशीच कडक! तरुण मंडळींनी फोटो काढले, घेतला थोड्यांनीच. मग एक आंटी आल्या. त्यांनी पाव दाबला, तुकडा तोडला, चावला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘बाळ, पाव चांगला आहे. पण हा आगेगे नाही.’

संध्याकाळी अर्ध्याहून जास्त पाव परत आले. ती किचनच्या जमिनीवर बसून रडली. पैशांसाठी नाही. ‘माझ्याच माणसांना मी परकं काहीतरी विकत होते,’ एवढंच म्हणाली.

त्या रात्री तिने आईला फोन केला. धंद्याबद्दल नाही, कणकेबद्दल. दुसऱ्या शनिवारी आई आल्या, कोट काढला आणि लाटणं हातात घेतलं. लाटायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. घरात रोलरचं मशीन कुठून असणार? शेवटी पाव फाडला तेव्हा आतून लांब मऊ पदर सुटले. ‘नोकरी सोडू नकोस,’ आई म्हणाल्या. जाताना मात्र दोन पाव पिशवीत टाकून घेऊन गेल्या!

आपली बाजरी, त्यांची बाजरी

एकदा मी बाजरीचं पीठ आणलं. कोकणचा मेवा दाखवावा तशा थाटात तिच्यापुढे ठेवलं, तर ती हसत सुटली. बाजरी मुळात पश्चिम आफ्रिकेचीच! मालीमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीचे लागवडीच्या बाजरीचे अवशेष सापडलेत. आपल्याकडे ती नंतर आली. मग आम्ही बाजरी-गुळाची बिस्किटं केली. स्टॉलवर तीच सगळ्यात आधी संपली.

वारंही बदलतंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनच्या ‘चिशुरू’ रेस्टॉरंटच्या शेफ अडेजोके बाकारे यांना मिशेलिन स्टार मिळाला. ब्रिटनमध्ये तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला शेफ.

माझ्या फ्लॅटमेटला स्टार वगैरे नाही. ती अजून आठवड्याचे तीन दिवस ऑफिसला जाते आणि बेकरीचा हिशोब कसाबसा जुळतो. पण त्या आंटी दर रविवारी येतात, पाव दाबून बघतात आणि काही न बोलता पैसे देतात.

तिच्या वहीतले फंडे

• इंग्लंडमध्ये घरून विकायचं तरी किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करा. ती मोफत असते.
• शेंगदाणे, तीळ, गहू यांसारखे अ‍ॅलर्जीचे पदार्थ लेबलवर ठळक लिहा.
• किंमत ठरवताना वीज आणि स्वतःची मेहनतही मोजा.
• नोकरी एकदम सोडू नका. आधी दिवस कमी करा.
• आणि मुख्य म्हणजे, चव आईला विचारा!